दारू पिणाऱ्याच्या यकृताला अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या वाचवतात का?

दारू पिणाऱ्या अनेकांच्या मनात एक हिशेब पक्का बसलेला असतो. दारूमुळे यकृतात ऑक्सिडेशन होतं, अँटिऑक्सिडंट ते थांबवतात, तेव्हा पिण्याआधी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी एखादी कॅप्सूल घेतली की यकृताची काळजी मिटली. ई जीवनसत्त्व, बीटा-कॅरोटीन, ग्लुटाथायोन, एन-ॲसिटिल सिस्टीन, सिलिमरिन, ग्रीन टीचा अर्क, करक्युमिन अशा कितीतरी बाटल्यांवर यकृताच्या आरोग्याबद्दल काही ना काही आश्वासन छापलेलं असतं.

या हिशेबाची पहिली ओळ बरोबर आहे. दारू यकृतात ऑक्सिडेशनचा ताण वाढवते, यावर शास्त्रज्ञांमध्ये दुमत नाही. चुकतं ते पुढे. माणसांवर केलेल्या चाचण्यांमध्ये यांतले बहुतेक पदार्थ दारूने होणारी यकृताची हानी रोखू शकलेले नाहीत. त्यातही काही पदार्थ असे आहेत की ते दारूच्या जोडीने यकृताला जास्तच इजा करतात. मला ही दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते, कारण ‘फायदा नाही झाला तरी नुकसान काय होणार’ असं म्हणून गोळी घेणारे पुष्कळ आहेत.

दारू यकृतात पोचल्यावर

पोटात गेलेल्या अल्कोहोलचा फार थोडा भाग श्वास, घाम आणि लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. उरलेलं ९० टक्क्यांहून अधिक अल्कोहोल शरीराला मोडावं लागतं आणि हे काम मुख्यतः यकृतात चालतं. तिथे अल्कोहोल डिहायड्रोजिनेज नावाचं एन्झाइम त्याचं ॲसिटाल्डिहाइड करतं. हा पदार्थ मूळ अल्कोहोलपेक्षा कितीतरी विषारी आहे. तो प्रथिनांना आणि डीएनएला चिकटतो आणि त्यांचं काम बिघडवतो. मग ॲल्डिहाइड डिहायड्रोजिनेज हे दुसरं एन्झाइम त्याचं ॲसिटेट करतं. ॲसिटेट तुलनेनं निरुपद्रवी असतं. शरीर ते ऊर्जेसाठी वापरून टाकतं.

या दोन्ही पायऱ्यांवर एनएडी नावाचा रेणू खर्ची पडतो आणि त्याचं एनएडीएच होतं. पेशीतलं या दोघांचं प्रमाण बिघडलं की यकृत चरबी जाळणं कमी करतं आणि साठवू लागतं. दारूमुळे होणाऱ्या फॅटी लिव्हरची सुरुवात इथेच होते. अँटिऑक्सिडंट ज्यांच्याशी लढतात त्या मुक्त मूलकांचा (फ्री रॅडिकल्स, म्हणजे इतर रेणूंवर हल्ला करणारे अस्थिर रेणू) इथवर उल्लेखही आलेला नाही, पण दोन बिघाड सुरू झालेले आहेत: ॲसिटाल्डिहाइडची चिकटाचिकटी आणि चरबीचा साठा. या दोन्हींवर अँटिऑक्सिडंटच्या गोळीचा थेट इलाज नाही.

अल्कोहोल मोडण्याचा आणखी एक मार्ग यकृतात आहे. न्यूयॉर्कमध्ये काम करणारे चार्ल्स लीबर आणि त्यांच्या सहकारी लिओनोर डीकार्ली यांनी १९६८ मध्ये तो उलगडून दाखवला. या मार्गातल्या मुख्य एन्झाइमचं नाव सीवायपी२ई१. कधीतरी थोडी पिणाऱ्याच्या यकृतात या मार्गाचा वाटा लहान असतो. रोज पिणाऱ्याच्या यकृतात मात्र या एन्झाइमचं प्रमाण कित्येक पटींनी वाढतं. सरावलेल्या माणसाला दारू ‘चढत नाही’, त्यामागचं एक कारण हेही आहे; मेंदू सरावतो हे दुसरं. बाहेरून ही सहनशक्ती वाटते, पण आत तिची किंमत मोजावी लागते. सीवायपी२ई१ काम करताना ऑक्सिजनचे अर्धवट बदललेले, अस्थिर रेणू मोठ्या प्रमाणात बाहेर सोडतं: सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड. जवळपास मोकळं लोह असेल तर त्यांच्यापासून हायड्रॉक्सिल मूलक तयार होतं आणि ते समोर येईल त्या रेणूवर तुटून पडतं. पेशीच्या आवरणातल्या चरबीचं ऑक्सिडेशन सुरू झालं की एकातून दुसरं अशी साखळी लागते आणि तिच्यातून नवे विषारी पदार्थ तयार होतात.

या हल्ल्याला तोंड द्यायला यकृताकडे स्वतःची यंत्रणा असते. तिच्यातला सर्वांत महत्त्वाचा रेणू ग्लुटाथायोन. ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसीन या तीन अमिनो आम्लांपासून पेशी तो स्वतः बनवते. सतत दारू पिणाऱ्याच्या यकृतात ग्लुटाथायोन कमी होतं, विशेषतः मायटोकॉन्ड्रियांमध्ये. पेशीची ऊर्जा तयार करणारे हे घटक स्वतः ग्लुटाथायोन बनवू शकत नाहीत. त्यांना ते पेशीतल्या द्रवातून आत घ्यावं लागतं. दारूमुळे त्यांच्या आवरणाची ठेवण बदलते आणि हीच वाहतूक मंदावते. म्हणजे पेशीत ग्लुटाथायोन असूनही ते हवं तिथे पोचत नाही. ही बारीकशी वाटणारी गोष्ट पुढे फार उपयोगी पडणार आहे.

शिवाय आतड्यांचा भाग आहे. दारूमुळे आतड्यांचं अस्तर सैल पडून झिरपू लागतं. जिवाणूंच्या आवरणातले विषारी अंश रक्तातून थेट यकृतात येतात. तिथल्या कुप्फर नावाच्या संरक्षक पेशी त्यांना पाहून खवळतात आणि दाह पेटवणारी रसायनं सोडतात. या दाहातूनही मुक्त मूलकं निर्माण होतात, पण मूळ कारण आतड्यातलं असतं.

अ जीवनसत्त्वाचा पेच

आता सगळ्यात गुंतागुंतीच्या आणि सगळ्यात कमी बोलल्या जाणाऱ्या भागाकडे येतो.

शरीरातलं बहुतेक अ जीवनसत्त्व यकृतात साठवलेलं असतं आणि त्यातलाही मोठा हिस्सा स्टेलेट नावाच्या पेशींमध्ये चरबीच्या थेंबांच्या रूपात असतो. दारूमुळे हा साठा रिकामा होत जातो. लीबर आणि मारिया लिओ यांनी १९८२ मध्येच दाखवलं की दारूने यकृत बिघडलेल्या रुग्णांच्या यकृतात अ जीवनसत्त्व फार कमी असतं, आणि आजार जितका पुढचा तितकं ते कमी. साठा गमावलेल्या स्टेलेट पेशी आपलं रूप बदलतात आणि तंतू विणू लागतात. हेच तंतू वाढत गेले की यकृत कडक होतं. त्या अवस्थेला सिरॉसिस म्हणतात.

इथे कोणाच्याही मनात सरळ विचार येईल: जे कमी झालं ते गोळीतून भरून द्यावं. पण तसं करणं धोक्याचं ठरतं, आणि कारण रसायनशास्त्रात आहे. अ जीवनसत्त्वाचं मूळ रूप रेटिनॉल. रेटिनॉलही रासायनिकदृष्ट्या एक अल्कोहोलच आहे. त्यामुळे त्याच्यावर प्रक्रिया करणारी एन्झाइमं आणि दारूतलं अल्कोहोल मोडणारी एन्झाइमं बरीचशी एकाच कुळातली आहेत, काही तर तीच आहेत. एका खिडकीवर दोन रांगा लागल्या आणि एका रांगेत प्रचंड गर्दी असली की दुसऱ्या रांगेतल्यांचं काम खोळंबतं, तसं रेटिनॉलचं होतं. त्याचं नेहमीचं रूपांतर अडतं. त्याच वेळी रोजच्या पिण्याने वाढलेलं सीवायपी२ई१ रेटिनॉलला भलत्याच मार्गाने मोडायला लागतं. त्यातून तयार होणारे काही पदार्थ यकृताच्या पेशींना मारक असल्याचं प्रयोगशाळेत दिसलं आहे.

परिणाम असा की दारू पिणाऱ्याच्या यकृतात अ जीवनसत्त्व कमी असणंही वाईट आणि वरून जास्त घालणंही वाईट. निरोगी प्रौढासाठी तयार स्वरूपातल्या अ जीवनसत्त्वाची दिवसाची कमाल मर्यादा ३,००० मायक्रोग्रॅम धरली जाते. जुन्या एककात ते साधारण १०,००० आययू होतं. त्यापेक्षा बरंच जास्त, दीर्घकाळ घेतलं तर दारू न पिणाऱ्याच्याही यकृतात तंतू वाढू शकतात. रोज पिणाऱ्याच्या बाबतीत सुरक्षित आणि घातक मात्रा यांमधलं अंतर आणखी आक्रसतं. त्याला खरंच कमतरता असेल, उदाहरणार्थ रातांधळेपणा आला असेल, तर डॉक्टर मोजून-मापून, लक्ष ठेवून मात्रा देतात. स्वतःच्या मनाने घ्यायची ही गोळी नव्हे.

यावर लोक म्हणतात, ठीक आहे, रेटिनॉल नको, बीटा-कॅरोटीन घेतो. गाजरासारख्या केशरी भाज्यांना रंग देणारा हा पदार्थ. शरीर त्यातून गरजेपुरतंच अ जीवनसत्त्व बनवतं, म्हणून तो निर्धोक समजला जाई. लिओ आणि लीबर यांनी बॅबून जातीच्या माकडांना दारू आणि बीटा-कॅरोटीन एकत्र देऊन पाहिलं. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सगळ्या अपेक्षांच्या उलट होते. दारूमुळे बीटा-कॅरोटीन रक्तातून लवकर निघून जात नव्हतं, त्याची पातळी चढीच राहत होती. आणि यकृताची इजा नुसत्या दारूपेक्षा दारू अधिक बीटा-कॅरोटीन मिळालेल्या माकडांमध्ये जास्त होती.

माणसांचं काय? यकृतावर थेट असा प्रयोग करणं नैतिकदृष्ट्या शक्य नाही. पण दुसऱ्याच कारणासाठी झालेल्या एका मोठ्या चाचणीने वेगळ्या अवयवाबद्दल तसाच इशारा दिला. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना ई जीवनसत्त्व, बीटा-कॅरोटीन, दोन्ही किंवा नुसती दिखाऊ, औषध नसलेली गोळी (प्लासिबो) दिली गेली. फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी आशा होती. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये तो कर्करोग १८ टक्क्यांनी वाढलेला निघाला. पुढच्या विश्लेषणात दिसलं की ही वाढ जास्त दारू पिणाऱ्यांमध्ये अधिक ठळक होती, आणि ‘जास्त’ म्हणजे दिवसाला जेमतेम ११ ग्रॅम किंवा त्याहून अधिक अल्कोहोल, साधारण एक पेग. अमेरिकेत १८,३१४ लोकांवर चाललेली दुसरी चाचणी, ज्यात बीटा-कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व एकत्र दिलं जात होतं, १९९६ च्या जानेवारीत ठरल्या वेळेच्या २१ महिने आधीच थांबवावी लागली. तिथेही कर्करोग आणि मृत्यू वाढलेले दिसले.

हे आकडे फुप्फुसाचे आहेत, यकृताचे नाहीत, आणि बहुतेक धूम्रपान करणाऱ्यांचे आहेत. तरी त्यांतून एक गोष्ट उघड होते. ज्या शरीरात आधीच ऑक्सिडेशनचा भडका आहे तिथे मोठ्या मात्रेत घातलेला अँटिऑक्सिडंट स्वतःच ऑक्सिडाइझ होऊन उलटा वागू शकतो. भाज्याफळांतून मिळणाऱ्या बीटा-कॅरोटीनबद्दल ही भीती बाळगायचं कारण नाही. तिथे मात्रा गोळीपेक्षा खूप कमी असते आणि सोबत इतर शेकडो पदार्थ असतात. अडचण आहे ती गोळीतल्या एकट्या, मोठ्या मात्रेची.

ई जीवनसत्त्व, सिलिमरिन आणि बाकीचे

ई जीवनसत्त्वाची कथा कमी भयंकर पण निराशाजनक आहे. दारूमुळे यकृताला सूज आलेल्या रुग्णांना तीन महिने रोज १,००० आययू ई जीवनसत्त्व देऊन पाहिलं, यकृताच्या कामात लक्षणीय फरक पडला नाही. सिरॉसिस झालेल्यांवरच्या चाचणीतही फायदा दिसला नाही. लोकांचा गोंधळ होतो तो एका वेगळ्या संशोधनामुळे. २०१० मध्ये आलेल्या एका चाचणीत मधुमेह नसलेल्या फॅटी लिव्हरच्या रुग्णांना ८०० आययू ई जीवनसत्त्वाने बरं वाटलं: बायॉप्सीत सुधारणा ४३ टक्क्यांत दिसली, दिखाऊ गोळीवर १९ टक्क्यांत. पण ते फॅटी लिव्हर दारूमुळे झालेलं नव्हतं. जास्त पिणाऱ्यांना त्या चाचणीत घेतलेलंच नव्हतं. ‘फॅटी लिव्हरला ई जीवनसत्त्व चालतं’ एवढंच अर्धं वाक्य पसरलं आणि दारूचा भाग गळून गेला. शिवाय मोठी मात्रा वर्षानुवर्षं घेण्याला स्वतःची जोखीम आहे. ३५,५३३ पुरुषांवरच्या एका चाचणीत रोज ४०० आययू ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त आढळला. ई जीवनसत्त्वाची मोठी मात्रा रक्त गोठण्याच्या क्रियेतही अडथळा आणते, आणि यकृत खराब झालेल्या माणसाचं रक्त आधीच नीट गोठत नसतं.

सिलिमरिन मिल्क थिसल या काटेरी झुडपाच्या बियांपासून काढतात. ते बहुतेकांना सोसतं, त्यामुळे यकृताच्या गोळ्यांमध्ये त्याचा मान मोठा. १९८९ च्या एका चाचणीत सिरॉसिसच्या रुग्णांचं आयुष्य त्याने वाढल्यासारखं दिसलं होतं. १९९८ मध्ये दारूमुळे सिरॉसिस झालेल्या २०० रुग्णांवर ते पुन्हा तपासलं, तेव्हा मृत्यूच्या प्रमाणात काही फरक पडला नाही. सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तरी दारूच्या यकृतविकारात त्याचा ठोस उपयोग सिद्ध होत नाही.

क जीवनसत्त्वाबद्दल एक वेगळी काळजी आहे. दारूमुळे यकृतातलं हेप्सिडिन नावाचं संप्रेरक कमी होतं. लोह किती शोषायचं यावर हे संप्रेरक अंकुश ठेवतं. ते घटलं की आतडी जास्त लोह आत घेतात आणि ते यकृतात साचतं. क जीवनसत्त्व लोहाचं शोषण वाढवतं आणि लोहाला अशा रूपात ठेवतं ज्यातून हायड्रॉक्सिल मूलक सहज बनतं. सर्वसाधारण आहारातल्या क जीवनसत्त्वाने काही बिघडत नाही. पण रक्तात फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) वाढलेलं असेल किंवा आनुवंशिक लोहसाठ्याचा आजार असेल, तर क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या टाळायला सांगितलं जातं, आणि दारूही.

ग्रीन टीचा अर्क आणि हळदीतलं करक्युमिन हे दोन्ही ‘वनस्पतीचं आहे’ म्हणून निर्धास्तपणे घेतले जातात. कपातला चहा आणि कॅप्सूलमधला दाट अर्क यांत मात्र मोठा फरक आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये सांगितलं की गोळ्यांमधून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी घेणाऱ्यांच्या रक्तात यकृताची एन्झाइमं वाढू शकतात, आणि ही यकृताला इजा होत असल्याची खूण असते. ईजीसीजी म्हणजे ग्रीन टीमधला मुख्य अँटिऑक्सिडंट. हळदीच्या कॅप्सूलमुळे यकृताला सूज आल्याची प्रकरणंही नोंदली गेली आहेत, विशेषतः शोषण वाढावं म्हणून मिऱ्यातलं पिपरीन मिसळलेल्या कॅप्सूलमुळे. या दोन्हींत एचएलए-बी*३५:०१ ही जनुकीय खूण असलेल्या लोकांना धोका जास्त असल्याचं दिसतं, पण आपल्यात ती आहे की नाही हे सामान्य माणसाला माहीत नसतं. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेची नोंद ठेवणाऱ्या जाळ्याने दाखवलं की अशा रुग्णांमध्ये सप्लिमेंट आणि वनस्पतीजन्य पदार्थांचा वाटा दशकभरात ७ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेला. दारू पिणाऱ्याचं यकृत अशा आणखी एका आघाताला तोंड द्यायच्या स्थितीत नसतं. शिवाय एन्झाइमं वाढलेली दिसली की सगळे दोष दारूला देतात आणि कॅप्सूल चालूच राहते. मला हा भाग फार धोकादायक वाटतो.

एन-ॲसिटिल सिस्टीन: इथे थोडं थांबायला हवं

या यादीत एकच पदार्थ असा आहे ज्याला रुग्णालयात मानाचं स्थान आहे. पॅरासिटामॉल जास्त प्रमाणात पोटात गेलं तर एन-ॲसिटिल सिस्टीन हा त्यावरचा उतारा आहे आणि वेळेत दिला तर तो खरोखर जीव वाचवतो. त्याचं कारण ग्लुटाथायोनमध्येच आहे. पॅरासिटामॉलचा काही भाग सीवायपी२ई१ या आपल्या ओळखीच्या एन्झाइममुळे एका विषारी पदार्थात बदलतो. ग्लुटाथायोन त्या पदार्थाला निष्प्रभ करतं. ते संपलं की यकृताच्या पेशी मरू लागतात. एन-ॲसिटिल सिस्टीन पेशीला सिस्टीन पुरवतं आणि ग्लुटाथायोन पुन्हा बनू लागतं.

यावरून दारू पिणाऱ्यांसाठी एक जास्त उपयोगी गोष्ट कळते, जी कॅप्सूलच्या चर्चेत हरवते. रोज पिणाऱ्याच्या यकृतात सीवायपी२ई१ वाढलेलं आणि ग्लुटाथायोन घटलेलं असतं. म्हणजे विष जास्त बनणार आणि उतारा कमी पडणार. सकाळी डोकं दुखतंय म्हणून दोन-दोन गोळ्या करत पॅरासिटामॉल घेत राहणं अशा माणसाला महागात पडू शकतं, खास करून तो काही खात नसेल तर. इतरांसाठी दिवसाला ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा सांगितली जाते. रोज पिणाऱ्यांना अनेक डॉक्टर २ ग्रॅमच्या आत राहायला सांगतात, तेही विचारून. सर्दी-तापाच्या मिश्र औषधांमध्येही पॅरासिटामॉल असतं, ते या हिशेबात धरायचं.

मग दारूच्या इजेवर एन-ॲसिटिल सिस्टीन का चालू नये? तपासून पाहिलं गेलं आहे. दारूमुळे यकृताला तीव्र सूज आलेल्या १७४ रुग्णांवर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी आहे. स्टेरॉइडसोबत ते शिरेतून दिलं तेव्हा पहिल्या महिन्यात मृत्यू २४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले. ही मोठी गोष्ट आहे. पण सहा महिन्यांनंतरचा फरक, ३८ टक्के विरुद्ध २७ टक्के, संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. आणि हे रुग्णालयात, शिरेतून, स्टेरॉइडच्या जोडीने, मरणाच्या दारात असलेल्या माणसांवर झालं. त्याचा पार्टीआधी घेतलेल्या कॅप्सूलशी संबंध जोडता येत नाही. स्टेरॉइडऐवजी नुसते अँटिऑक्सिडंट देऊन पाहिलेल्या एका चाचणीत, १०१ रुग्णांमध्ये, महिन्याभरात अँटिऑक्सिडंटच्या गटातले ४६ टक्के आणि स्टेरॉइडच्या गटातले ३० टक्के रुग्ण दगावले.

वेळेचाही प्रश्न आहे. उंदरांवरच्या एका प्रयोगात अल्कोहोलच्या आधी दिलेल्या एन-ॲसिटिल सिस्टीनने यकृत वाचवलं, तर अल्कोहोलनंतर दिलेल्याने इजा वाढवली. उंदरांचा निष्कर्ष माणसाला तसाच्या तसा लागू करता येत नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी घेणाऱ्याने तो ऐकून ठेवावा.

सिद्धांत बरोबर, मग गोळी का फसते

परीक्षानळीत अँटिऑक्सिडंट मुक्त मूलकाला निष्प्रभ करतो हे खरं आहे. शरीरात तो आधी आतड्यातून शोषला जायला हवा. तोंडाने घेतलेलं ग्लुटाथायोन बरंचसं आतड्यातच तुटतं. जे आत जातं ते योग्य पेशीत, आणि पेशीतही योग्य ठिकाणी पोचायला हवं. मायटोकॉन्ड्रियांची वाहतूक मंदावल्याचं वर सांगितलं आहे. बाहेर कितीही भर घातली तरी अडलेली वाट त्याने मोकळी होत नाही.

दुसरं म्हणजे पेशी मुक्त मूलकांचा वापर संदेशासाठीही करते. त्यांचं प्रमाण थोडं वाढलं की एनआरएफ२ नावाचं प्रथिन जागं होतं आणि पेशीची स्वतःची संरक्षक एन्झाइमं जास्त बनू लागतात. तरुणांवरच्या एका प्रयोगात व्यायामासोबत क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, तेव्हा व्यायामाने इन्सुलिनच्या कामात होणारी सुधारणाच अडली. म्हणजे सगळी मुक्त मूलकं पुसून टाकणं हे आरोग्य नव्हे.

तिसरं कारण सगळ्यात साधं आहे. दारूची इजा एका वाटेने होत नाही. ॲसिटाल्डिहाइड, चरबीचा साठा, आतड्यातून येणारं विष, दाह, तंतू यांतला ऑक्सिडेशनचा भाग थोडाफार आवरला तरी बाकीचं चालू राहतं, आणि रोज नवं अल्कोहोल येत राहतं. २००७ मध्ये ६८ चाचण्या आणि २,३२,६०६ लोकांची माहिती एकत्र करून झालेल्या विश्लेषणात, नीट आखलेल्या चाचण्यांपुरतं पाहिलं तर बीटा-कॅरोटीन, अ आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये मृत्यू किंचित वाढलेले दिसले. तिथे दारूचा विचार वेगळा केलेला नव्हता, पण ‘नुकसान तर नाही’ हा दिलासा त्यानंतर उरत नाही.

आणि शेवटी मनाचा भाग. संरक्षण घेतलंय असं वाटलं की माणूस एक पेग जास्त घेतो. यकृतावर होणारा हा परिणाम कोणत्याही एन्झाइमच्या आकड्यात मोजता येत नाही, पण तो मला खरा वाटतो.

घरात बाटली असेल तर

मल्टिव्हिटॅमिनच्या लेबलवर रेटिनॉल, रेटिनिल पामिटेट किंवा रेटिनिल ॲसिटेट असं काही लिहिलंय का ते पाहा आणि मात्रा वाचा. दोन-तीन वेगवेगळ्या गोळ्या एकदम चालू असतील तर तोच घटक सगळ्यांत असू शकतो, बेरीज करा. डॉक्टरांकडे जाताना सगळ्या बाटल्या सोबत न्या, वनस्पतीजन्य आणि ‘डिटॉक्स’च्यासुद्धा, आणि किती पिता ते खरं सांगा. हा आकडा कमी करून सांगितला तर औषधाची मात्रा चुकते. डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं, अंगाला खाज सुटणं, भूक मरणं, उजव्या बरगडीखाली दुखणं यांतलं काही दिसलं तर सप्लिमेंट लगेच बंद करा आणि तपासणी करून घ्या.

दारू थांबवली तर फॅटी लिव्हर काही आठवड्यांत बरंचसं ओसरतं. कोणत्याही गोळीने हे साधलेलं नाही. पण जो माणूस वर्षानुवर्षं रोज भरपूर पितो त्याने एका रात्रीत, एकट्याने, घरी बंद करू नये. शेवटच्या पेगनंतर काही तासांतच हात थरथरणं, घाम, धडधड सुरू होऊ शकते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन जीवावर बेतू शकतं. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, योग्य औषधांनी सुरक्षितपणे करता येतं. त्या दिवसांत रुग्णालयात सर्वांत आधी एक जीवनसत्त्व दिलं जातं, सहसा शिरेतून, आणि ग्लुकोज लावायचं असेल तर त्याच्या आधी किंवा त्याच्यासोबतच. ते बी-१, म्हणजे थायमिन. जास्त पिणाऱ्यांमध्ये त्याची कमतरता खरी असते, ती मेंदूला कायमची इजा करू शकते, आणि वेळेत भरून काढली तर ती इजा टळते.